सव्वाचारशे ग्रॅमचा धोटा

पहिल्या दिवशी पोरांपुढं उभा राहिलो तेव्हा माझ्या कानात माग चालूच होते. आदल्या रात्रीची पाळी बारा तासांची. सकाळी सुटलो, पण झोप काय लागली नाही. शुक्रवार होता, आमच्या कारखान्याची सुट्टी. संध्याकाळी सहाला विहारात गेलो तर सतरंजीवर पंधरा-सोळा पोरं-पोरी बसलेली. पुढ्यात नववी-दहावीची पुस्तकं, समोर बुद्धाची मूर्ती, वर भिंतीला बाबासाहेबांचा फोटो. एक पोरगं उठून म्हणालं, "जयभीम सर." मी म्हटलं, सर नको, दादा म्हण. सर म्हटलं की मला माझे सर आठवतात.

आता मी कोण विज्ञान शिकवणारा? दहावीला विज्ञानातच आपटलेला माणूस. पुढं रद्दीच्या दुकानातून जुनी पुस्तकं किलोवर आणून, मागावर उभ्या-उभ्या वाचून, दुसऱ्यांदा बसून कसाबसा सुटलेला. पण विहाराच्या मंडळातले काका म्हणाले, "तू कविता करतोस, जाडी-जाडी पुस्तकं वाचतोस, मग शिकव की." आपल्या वस्तीत वाचणाऱ्या माणसाला सगळंच येतं असं धरून चालतात. मलाही नाही म्हणवलं नाही. कारण त्या वर्षी वस्तीतली बरीच पोरं विज्ञान-गणितात गेली होती आणि त्यातली तीन दुसऱ्याच महिन्यात कांड्या भरायला लागली होती. कांडी भरायला लागलेलं पोरगं पुढं मागावरच येतं. मी तसाच आलो.

माझ्या शाळेचं सांगतो. नाव नको. प्रयोगशाळा होती, म्हणजे एक खोली आणि तिच्यात कुलूपबंद कपाट. काचेतून परीक्षानळ्या दिसायच्या, एक सापाची बाटली दिसायची. वर्षातून दोन-तीनदा कपाट उघडायचं. सर टेबलावर प्रयोग मांडायचे, चार पोरांना जवळ बोलवायचे, बाकीची साठ लांबून टाचा उंचावून बघायची. मला काम असायचं ते पाणी आणायचं. "तू जा रे, चंचुपात्रं भरून आण." नळ खाली, पटांगणाच्या कोपऱ्यात. रांग असायची. पाणी घेऊन वर येईस्तोवर प्रयोग उरकलेला, सर फळ्यावर निष्कर्ष लिहीत असलेले. मी निष्कर्ष उतरवून घ्यायचो. तीन वर्षं मी निष्कर्षच उतरवले, प्रयोग एकही बघितला नाही.

सरांनी कधी जात काढली नाही. खोटं कशाला बोलू. एका वर्गात सत्तर पोरं कोंबलेल्या माणसाची दमणूक मी आता समजू शकतो. पण पाणी आणायला दर वेळी मीच का, हा सवाल तेव्हाही पडायचा, आजही पडतो. बाबासाहेबांच्या शाळेतला पाण्याचा किस्सा आपल्याला पाठ आहे. नळाला हात लावायचा नाही, शिपाई असला तर पाणी, नाही तर तहान. त्यांना पाण्याला हात लावू दिला नाही. मला फक्त पाण्यालाच लावू दिला. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातली फळ्याची गोष्टही तुम्हाला ठाऊक असेल. मास्तरांनी भीमरावाला गणित सोडवायला फळ्यावर बोलावलं आणि फळ्यामागं ठेवलेले डबे बाटतील म्हणून सवर्ण पोरं डबे हलवायला धावली. मला त्या गोष्टीत डब्यांपेक्षा खडू दिसतो. इतक्या कालव्यात तो पोरगा खडू हातात घेऊन गणित करायला निघाला होता.

असो. पहिला पाठ. नववीच्या पुस्तकात सुरुवातीलाच गतीचे नियम आहेत. मी म्हटलं, "जडत्व म्हणजे काय?" सगळे गप. मग एक पोरगा म्हणाला, "जड असणं." दुसरा म्हणाला, "वजन." पुस्तकातली व्याख्या मात्र एका पोरीनं धडाधड म्हणून दाखवली, स्वल्पविरामासकट. मी विचारलं, "म्हणजे काय गं?" तर ती म्हणाली, "ते नाय माहीत. पेपरात एवढंच लिवायचं असतं."

मी तिला हसलो नाही. माझं तेच झालं होतं. जडत्व, अपवर्तन, अभिक्रिया, आम्लारी. हे शब्द आमच्या घरात कधी आलेच नाहीत. घरात हिसका होता, झोक होता, रेटा होता. ज्याच्या घरात आधीच संस्कृताळलेली भाषा नांदते त्याला हे शब्द पाहुण्यासारखे वाटतात, आम्हाला पोलिसासारखे.

हे मी मनाचं सांगत नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मुंबईत १९७४ साली निघालं. १९७०च्या दशकात त्यांनी जळगाव जिल्ह्यात खिरोद्याला गावाकडच्या शाळांत काम केलं. पुढं १९८०च्या दशकात मुंबई महापालिकेच्या शाळांतली अनुसूचित जातींची, घरात पहिल्यांदाच शिकणारी पोरं निवडून त्यांच्यासोबत काही वर्षं काम केलं. केंद्राचे तेव्हाचे संचालक वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी मांडलं ते असं : ही पोरं बुद्धीनं कमी नाहीत, पुस्तकाची भाषा त्यांना आडवी येते. तोच विज्ञानाचा मजकूर सोप्या भाषेत लिहून दिला, पोरांना बोलतं केलं, प्रयोग हातात दिले, तर पोरं वर येतात. हे मी वाचलं तेव्हा मला आनंद झाला आणि पाठोपाठ संताप आला. माझ्या जन्माच्या आधी माणसांनी हे शोधून, छापून ठेवलंय, आणि माझ्या शाळेतलं कपाट मात्र कुलूपबंदच होतं.

तर जडत्व. मी पुस्तकातलंच उदाहरण दिलं. बस एकदम थांबली की आपण पुढं जातो. पोरांनी माना डोलावल्या. मग मला वाटलं आपल्या धंद्यातलं काहीतरी सांगावं, आणि तिथं मी चुकलो. म्हटलं, "मागावरचा धोटा बघा. पिकिंगच्या दांडक्यानं फटका मारला की तो पळतो आणि फटक्याचा जोर संपला की पलीकडच्या पेटीत थांबतो."

मागच्या रांगेतली एक पोरगी म्हणाली, "नाय दादा."

"काय नाय?"

"जोर संपला म्हणून नाय थांबत. पेटी अडवते म्हणून थांबतो. नाय अडवला तर नाय थांबत. माझ्या बापाच्या डोळ्यात गेला तो कुठं थांबला होता?"

वर्गात एकदम शांतता झाली. मला तिचा बाप माहीत होता. आमच्याच गल्लीतला, पलीकडच्या कारखान्यात होता. ताणा तुटून गुंतला, ताण्याच्या दोन थरांमधली वाट नीट उघडली नाही, धोटा वर उसळला आणि समोरच्या मागावर उभ्या असलेल्या या माणसाच्या डाव्या डोळ्यात पोलादी टोकासकट बसला. आता तो एका डोळ्यानं रिक्षा धुतो, लोकांच्या. माझी गाडी तिथंच अडली. दहा वर्षं माग चालवणाऱ्या माणसाला न्यूटनचा पहिला नियम त्या पोरीनं शिकवला. तोवर मला तो पाठ होता, एवढंच.

मी म्हटलं, "तू बरोबर. मी चुकलो." हे वाक्य मी शाळेत एकाही सरांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. पोरं एकमेकांकडं बघून हसायला लागली.

पुढच्या शुक्रवारी मी कारखान्यातून एक टाकाऊ धोटा आणला. जॉबरला सांगून आणला, चोरून नाही. माझ्या बाजूच्या मागावर आझमगडचे एक चाचा आहेत, ते त्याला ढरकी म्हणतात. पोरांना तोही शब्द सांगितला. किराणावाल्याच्या काट्यावर आम्ही त्याचं वजन केलं. भरल्या कांडीसकट सव्वाचारशे ग्रॅम. मग हिशोब मांडायला बसलो. आमचा माग मिनिटाला १४० वेळा धोटा फेकतो. म्हणजे एका फेकीला ०.४३ सेकंद. त्यातला साधारण तिसरा हिस्सा धोटा उडत असतो, बाकी वेळ पेटीत. म्हणजे ०.१४ सेकंद. तेवढ्यात त्यानं फणीची रुंदी आणि स्वतःची लांबी मिळून १ मीटर ६० सेंटीमीटर जायचं. भागाकार पोरांनी केला. सेकंदाला ११ मीटर आणि वर थोडं. तासाला चाळीस किलोमीटर. "म्हणजे रिक्षा!" एक जण ओरडला. मग दुसऱ्या पाठातलं गतिज ऊर्जेचं सूत्र काढलं. २६ ज्यूल. आता २६ ज्यूल म्हणजे काय? एक किलोचं वजन साडेआठ-पावणेनऊ फुटांवरून डोक्यात पडलं तर जेवढं लागेल तेवढं. आणि ते सगळं एका बारीक पोलादी टोकावर.

ती पोरगी हिशोब लिहीत होती. वर बघितलं नाही. शेवटी उत्तराखाली दोन रेघा मारल्या, जशा शाळेत मारायला सांगतात.

इंग्लंडात जॉन के नावाच्या माणसानं १७३३ साली हा उडता धोटा काढला. कार्टराइटनं १७८५ला यंत्रमागाचं पेटंट घेतलं. आमच्या कारखान्यातले माग याच जातीचे. तिकडं त्यांची जागा कधीच संग्रहालयात गेली. आमच्याकडं अजून बीम चढतोय.

त्या दिवसापासून मी ठरवलं की पाठ पुस्तकातला घ्यायचा, पण सुरुवात वस्तीतून करायची. ध्वनीचा पाठ आला. पोरांना म्हटलं, फोनवर आवाज मोजायचं मीटर घ्या आणि दुपारी आपापल्या गल्लीतल्या कारखान्याच्या दारात जाऊन उभे रहा. कुणी ९६ आणले, कुणी ९८, कुणी १००. फोन काही खरं मापयंत्र नव्हे, तेही सांगितलं. पण तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, हे कळल्यावर पोरांचे डोळे मोठे झाले. आपल्याकडच्या नियमांत ९० डेसिबलमध्ये आठ तासांच्या वर काम नको, असं धरलेलं. आमची पाळी बारा तासांची. "म्हणून आमचा आजा टीव्ही एवढा मोठा लावतो!" एक पोरगं म्हणालं. घराघरात म्हाताऱ्यांना बहिरट, ठोंब्या म्हणून हसतात. माझ्या बापाला मी स्वतः हसलोय. त्या शुक्रवारी घरी गेलो आणि त्याच्यासमोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोललो. तो म्हणाला, "काय झालं? पैसे पायजेत का?"

याच पाठावरून माझं मंडळाशी वाजलं. पोरांनी उत्साहानं चौदा एप्रिलला डीजेसमोर मीटर धरलं आणि आकडा शंभराच्या वर गेला. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. पोरांनी तक्ता करून विहाराच्या भिंतीला चिकटवला : कारखाना, डीजे, नियम. दुसऱ्या दिवशी तक्ता फाडलेला. एक कार्यकर्ता मला म्हणाला, "त्यांच्या मिरवणुकीत जाऊन मोज की आधी." त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. पोरं तिकडंही मोजून आली असती, मीच पाठवली नाहीत, भीतीपोटी. भिवंडीत १९७० आणि १९८४ काय झालं ते मी बापाकडून ऐकलंय. पण मित्रांनो, हे मासिक वाचणारे आपण सगळे बावीस प्रतिज्ञा म्हणणारे. दुसऱ्याच्या अंगात आलेलं आपल्याला चटकन दिसतं. आपला आकडा आपण फाडून टाकतो.

वज्रेश्वरीचंही असंच. आपल्याच तालुक्यात गरम पाण्याची कुंडं. एका पोराची आजी खरजेसाठी तिथं न्हायला नेते आणि सांगते की देवीनं मारलेल्या राक्षसांचं रक्त ते, म्हणून गरम. पोरानं मला विचारलं. मी म्हटलं, पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, खोल गेलं की जमीन गरम, तापतं, दुसऱ्या भेगेनं वर येतं. कोकणपट्टीत अशी कुंडं रांगेनं आहेत, सगळीकडं राक्षस मेले काय? पोरगं घरी जाऊन बोललं. आजी मला रस्त्यात गाठून म्हणाली, "बाबा, तुझं खरं असंल. पण मला बरं वाटतं." मी म्हटलं, गरम पाण्यानं वाटतच असेल आई, जा तुम्ही.

आता सगळ्यात अवघड शुक्रवार. दहावीच्या दुसऱ्या भागात आनुवंशिकता व उत्क्रांती हा पहिलाच पाठ. (२०२३ साली देशभर गाजलं की एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढली, मूलद्रव्यांचं आवर्ती वर्गीकरणही काढलं. अठराशेंच्या वर वैज्ञानिक-शिक्षकांनी सह्या करून विरोध केला. मी ज्यातून शिकवतो त्या राज्य मंडळाच्या पुस्तकात दोन्ही आहेत.) डीएनए, जनुकं, आईबापाकडून पोराकडं काय जातं, असं चाललं होतं. एक पोरगा, एरवी तोंड न उघडणारा, म्हणाला, "दादा, जात डीएनएमधी असते का?"

मी म्हटलं, "नाही."

"कशावरून?"

मला राग आला. हा प्रश्न आपल्या पोरानं विचारावा? मग त्यानं सांगितलं. शाळेत एक जण त्याला म्हणाला होता की तुमच्या रक्तातच अभ्यास नाही, म्हणून तर सवलत लागते. त्याला माझं नाही नको होतं. त्या पोराच्या तोंडावर टाकायला पुरावा हवा होता. आणि विज्ञानाच्या वर्गात कशावरून हाच प्रश्न खरा. "बाबासाहेबांनी सांगितलं म्हणून" असं मी म्हणू शकलो असतो. म्हटलं असतं तर त्याच्या शाळेतल्या सरांत आणि माझ्यात फरक काय? मी म्हटलं, "पुढच्या शुक्रवारी सांगतो."

आठवडाभर वाचलं. मागावर, संडासाच्या रांगेत, रात्री. बाबासाहेबांनीही नुसतं सांगून सोडलं नव्हतं. 'द अनटचेबल्स' या १९४८च्या पुस्तकात ते मापं घेऊन बसलेत. घुर्यांच्या पुस्तकातले नाकांच्या मापांचे आकडे घेऊन त्यांनी दाखवलं की अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ही गोष्ट मापात टिकत नाही. त्याही आधी, १९१६ साली, कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात त्यांनी जातीचं मूळ रक्तात नाही, तर लग्न जातीतच करण्याच्या बंदिस्तीत आहे असं मांडलं. आणि २०१३ साली हैदराबादची सीसीएमबी आणि अमेरिकेतले हार्वर्डचे संशोधक यांनी मिळून भारतातल्या कितीतरी समाजांचे डीएनए तपासून प्रबंध छापला. साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात इथली माणसं एकमेकांत भरपूर मिसळत होती, आज वरच्या म्हणवणाऱ्या आणि खालच्या म्हणवलेल्या, सगळ्यांत ती भेसळ आहे. नंतर मिसळणं थांबलं, लग्नाची दारं बंद झाली.

हे मी फळ्यावर रेघा मारून सांगितलं. म्हटलं, डीएनएवरून कुणाच्या वाडवडलांनी कुणाशी लग्न केलं ते कळतं. कोण हुशार, कोण मठ्ठ, ते जातीवरून त्यात सापडत नाही. पोरगा बराच वेळ फळ्याकडं बघत बसला. मग म्हणाला, "म्हंजी त्यात कुंपणाची खूण हाय. जातीची नाय." मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलंय. कवितेत वापरायचं म्हणून लिहिलं होतं, पण ते त्याचं आहे.

पुढं शाळेत त्यानं ते त्या दुसऱ्या पोराला सांगितलं का, मी विचारलं नाही. त्याच्याकडून शास्त्रज्ञ मेघनाद साहांची माहिती मात्र मागून घेतली. कलकत्त्याच्या होस्टेलात जातीमुळं त्यांना वेगळं जेवायला बसवत, आणि १९२०ला त्यांनी ताऱ्यांच्या प्रकाशावरून ताऱ्यांचं तापमान काढायची वाट दाखवणारं समीकरण दिलं. पोरानं वहीत चित्र काढून आणलं : एक तारा आणि शेजारी एक ताट.

धोट्याचं राहिलं. तो २६ ज्यूलचा हिशोब ती पोरगी विसरली नव्हती. एका शुक्रवारी म्हणाली, "दादा, पेटी अडवते म्हणून थांबतो. मग उडाला की अडवायला काय नाय ठेवत?" ठेवतात. ठेवायला हवं. फणीच्या वरच्या दांडीला समांतर एक लोखंडी गज बसवायचा, धोटा उसळला की त्यावर आपटून खाली पडतो. १९४८च्या कारखाना कायद्याखालच्या नियमांत मागांना उडत्या धोट्यापासून अशी अडण सांगितलेली होती. पण एका छपराखाली कागदावर चार कारखाने दाखवले की नियम कुणाला विचारतो? शिवाय कामगारांनीच कित्येक ठिकाणी गज काढून टाकलेत, तुटलेला धागा जोडताना हाताला आडवा येतो म्हणून. मजुरी मीटरवर. आडवा आला की मीटर कमी.

पोरांचा हिशोब सुवाच्य अक्षरात लिहून मी मुकादमाकडं गेलो. त्यानं कागद उलटा-सुलटा बघितला. म्हणाला, "कविता लिहितोस तेवढं पुरे नाय का?" शेठपर्यंत कागद गेला की नाही, कळलं नाही. मग जॉबर आणि मी, एका शुक्रवारी, भंगारातून गज आणून माझ्या दोन मागांवर बसवले. थोडा वर, थोडा बाहेर, हात जाईल असा. चाचांनी तीन दिवस बघितलं आणि चौथ्या दिवशी म्हणाले, "हमारे में भी लगा दो." आता चार झालेत. कारखान्यात माग चोवीस आहेत. जॉबरला गज कापून द्यायला वेळ मिळतो तो शुक्रवारीच, आणि शुक्रवारी सहाला मला विहारात असावं लागतं. येत्या आठवड्यात भिंगांचा पाठ आहे. तिनं विचारलंय, बापाला घेऊन येऊ का.